बुजवलेल्या खाणीतले घाव

दुपारचा एक वाजला होता. होटगीच्या पुढे, बुजवलेल्या खाणीच्या पोटातून दगड फोडल्याचा आवाज आला.

ही ऐकीव गोष्ट नाही. मी तिथे उभा होतो. बातमीदारी करतो, त्यामुळे पाहिलं तेवढंच लिहितोय.

खाण बंद झाली की खड्डा मातीने भरून झाडं लावायची, असा नियम आहे. ते काम माझ्या मावसभावाने, संगमेशने घेतलं होतं.

खड्डा पाण्याने भरलेला होता. आणि पाण्यात शंकरप्पा होता.

शंकरप्पा तिथलाच दगडफोड्या. मागच्या पावसाळ्यात पाय घसरून पडला तो सापडलाच नाही. आमच्या समाजात माणसाला मांडी घालून, बसवून पुरतात. त्याची बायको नागम्मा संगमेशच्या दारात येऊन बसायची.

"आधी पाणी उपस रे संगू. हाडं घावली तरी बसवून पुरते."

"उपसतो की, अव्वा."

त्याने पंप लावला. फोटो काढला. पंप परत नेला.

मग मातीऐवजी शहरातली घाण येऊ लागली. मेलेल्या कोंबड्या, आतडी, दवाखान्यातल्या रक्ताच्या पट्ट्या. सगळं शंकरप्पाच्या अंगावर. वर फूटभर मुरूम, त्यात कडुनिंबाची रोपं.

रोपं पिवळी पडली. मी एक उपटून पाहिलं. मुळाला काळं, तेलकट काहीतरी होतं... त्याला पिसं चिकटली होती. बोटांचा वास साबणाने गेला नाही.

सरकारी तपासणी तोंडावर आली. खत मिळावं म्हणून संगमेशने मायाप्पा धनगराच्या मेंढ्या तिथे बसवायला सांगितल्या.

मेंढ्या बसल्याच नाहीत.

"रातभर एक मेंढरू टेकलं न्हाय," मायाप्पा म्हणाला. "तुमच्या भावाच्या रानात त्यास्नी लेंडी टाकायची बी किळस वाटायलीय."

दुपारचा एक झाला तरी मेंढ्या गोल उभ्या होत्या. मधली जागा मोकळी. सगळ्यांची तोंडं तिकडेच.

आणि तिथून...

टण्. टण्. टण्.

मग शांतता.

पुन्हा टण्. टण्. टण्.

"ग्यास हाय," संगमेश म्हणाला. भज्यांचा पुडा त्याने माझ्यापुढे धरला. त्याच हाताने त्याने मघाशी ती पिवळी रोपं सरळ केली होती. मी पुडा परत सारला.

नागम्मा बांधावर उभी होती.

"तीन घाव घालून हात झटकायचा त्यो," ती म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं ऐकतीय मी."

संगमेश चिडला. ग्यास दाखवतोच म्हणून त्याने जेसीबी बोलावला. मुरूम निघाला आणि असा वास सुटला की चालक खाली उतरून ओकला. पिसं, अळ्या, फुगलेल्या पिशव्या...

आणि त्या सगळ्याच्या मधोमध कोरडी, स्वच्छ जागा.

चारी बाजूंनी ताजे फोडलेले काळे दगड. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी पोकळी. घाणीचा एक थेंब आत नव्हता. जागा रिकामी होती.

खडक तिथून साठ फूट खाली आहे. ते दगड वर कसे आले, मला माहीत नाही.

"बसायला जागा केलीया त्यानं," नागम्मा हळूच म्हणाली. "संगू, आता तरी ही घाण काढ. मी त्येला बसवते."

संगमेशने संध्याकाळपर्यंत सगळं बुजवलं. नवी रोपं आणली. तपासणी पार पडली.

आवाज चालूच राहिला.

सोमवारी मुरूम आपोआप खचला. मी गेलो. नागम्मा आणि मायाप्पा आधीच तिथे होते. पहिल्या जागेला लागून दुसरी जागा तयार होत होती... बरीच रुंद.

"ही तुज्यासाठी की काय, म्हातारे?" मायाप्पाने विचारलं. तो हसत नव्हता.

"माज्यासाठी कुटली? मी एवढी जाड कुटं हाय?"

संगमेशला चालताना धाप लागते. शर्टाची बटणं पोटावर बसत नाहीत. मी त्याला तेव्हाच फोन करून सांगितलं. तो हसला. मग सासुरवाडीला अक्कलकोटला निघून गेला.

काल मायाप्पाचा निरोप आला. आवाज थांबलाय.

आज सकाळी संगमेशच्या बायकोने फोन केला. तो न जेवता गाडी घेऊन होटगीकडे निघाला होता. कशाला, विचारल्यावर म्हणाला, "जागा मापाला बसते का बघून येतो."

आता दीड वाजलाय. त्याचा फोन वाजतोय.

तो उचलत नाही.