पाठमोरी

शीळफाट्याच्या पुढे नवं पार्क झालं, त्यातल्या ‘खाडीकाठ’ राईडमधली सगळी माणसं दीप्तीने घडवलेली. बोटीत बसायचं, अंधारात शिरायचं, की दोन्ही बाजूंनी जुनं ठाणं सरकू लागायचं. मिठागरं, जाळी विणणारे कोळी, बाळकुमची भातशेती आणि शेवटी चाळीतली एक खोली. आधी मातीत माणूस घडवायचा, त्याचा साचा काढायचा, साच्यात फायबर. मग रंग, पापण्या, नखांतला मळ. राईडची मुख्य डिझायनर ऋजुता. तिने एकच नियम घालून दिला होता: बोटीतून जे दिसत नाही, ते करायचं नाही.

म्हणून चाळीतल्या बाईला चेहरा नव्हता. ती स्टोव्हपुढे, बोटीकडे पाठ करून बसलेली. पुढून नुसता गुळगुळीत फायबर.

काम संपत आलं असताना दीप्तीची आई, भीमाबाई, गेली. कळव्याच्या घरात दोघीच राहायच्या; दीप्ती दमून आली की आई तिला सुकट-भाकरीचे घास भरवायची. पुण्यानुमोदनाचा विधी आटोपून दीप्ती कामावर परतली, तेव्हा ही एकच बाई घडवायची राहिलेली. हातांनी जी पाठ घडवली ती आईचीच झाली. उजवा खांदा जरा उतरलेला, मानेखाली पोक. दीप्तीने ती मोडली नाही.

ट्रायलच्या दिवशी ऋजुता बोटीतून उतरली ती डोळे पुसतच.

“शेवटची बाई काय केलीयस गं! मान वळवते ना, तेव्हा... डिट्टो माझी आजी.”

“मान वळवते? तिला मोटरच नाहीये.”

“चल! मी बघितलं ना.”

दीप्तीने आत जाऊन पाहिलं. मान खांद्यासकट एकसंध ओतलेली. हलायचा प्रश्नच नव्हता.

राईड सुरू झाली. लोक हसत चढायचे आणि गप्प होऊन उतरायचे. डोंबिवलीचे त्र्यंबककाका, बँकेतून निवृत्त झालेले, ते तर रोज येऊ लागले. एकदा बाहेरच्या बाकावर त्यांनी दीप्तीला सांगितलं, “आमची मंदाकिनी आहे ती. तिला जाऊन वर्ष होत आलं. वळून बघते आणि बोटाने चष्मा वर सारते. तिची सवयच होती ती.”

चष्मा दीप्तीने केलेलाच नव्हता.

मग ती स्वतः बोटीत बसली. मिठागरं गेली, शेतं गेली, खोली आली. बाई वळली नाही. दीप्ती पुन्हा बसली. भरलेल्या बोटीत बसली, रिकाम्या बोटीतही बसली. शेजारच्या बायका हुंदके द्यायच्या आणि दीप्तीला दिसायची फक्त पाठ. तिच्याच हातची.

सोमवारी पार्क बंद असायचं. दुपारी कामाचे दिवे लावून, पाणी काढलेल्या कालव्यातून चालत ती खोलीत चढली. उजेडात सगळं खोटं दिसत होतं. प्लायवूडच्या भिंती, त्यांना मागून दिलेले टेकू, ज्योतीच्या जागी नारिंगी कापडाची पट्टी. वळसा घालून ती बाईच्या समोर गेली.

चेहरा नव्हता. तिने ठेवला होता तसाच, कोरा.

दीप्ती समोर मांडी घालून बसली.

“सगळ्यांकडे बघतेस,” ती म्हणाली. “मीच राहिले का गं, आई?”



तिने दोन्ही तळवे त्या कोऱ्या फायबरवर ठेवले. तो गार होता.

ती खूप रडली. तिथेच कधीतरी तिचा डोळा लागला. जाग आली ती वॉचमनच्या हाकांनी.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबककाका बोटीतून उतरले ते पडलेल्या चेहऱ्याने.

“आज ती वळली नाही हो.”

“काका, होतं असं कधी कधी.”

“नाही. तिच्यासमोर कोणीतरी बसलेलं होतं. मुलगी होती. मंदाकिनी तिला घास भरवत होती. एकेक, सावकाश. माझ्याकडे बघायला तिला सवडच नव्हती.” त्यांनी वळून बोटीकडे पाहिलं. “उद्या बघेल ना?”

मागच्या बोटीतली माणसं उतरत होती. हसत, फोटो काढत. कोणाचेच डोळे ओले नव्हते.

 काल दुपारपासून दीप्तीने काही खाल्लं नव्हतं. वॉचमनने देऊ केलेला चहासुद्धा नको म्हणाली होती. भूकच नव्हती.

तोंडाला सुकटीची चव होती.