ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा

डुलुथच्या आमच्या कॉलेजात संगणकावरचं टपाल मी सांभाळायचो. एक्क्याण्णव साली त्यातून फक्त अक्षरं जात. फोटो पाठवायचा तर आधी त्याची अक्षरं करायची. फोटोचा एकेक आडवा पट्टा म्हणजे एकेक ओळ, आणि ओळीच्या सुरुवातीला पुढे किती अक्षरं आहेत त्याची खूण. काळ्याकुट्ट ठिपक्यांच्या वाट्याला मात्र अक्षर नव्हतं, नुसती रिकामी जागा होती.

भूगर्भ विभागातली सिग्ने फेब्रुवारीत एक छापलेला फोटो घेऊन आली. तिचा नवरा आर्विड ग्रीनलंडच्या बर्फावर मोजमापं घ्यायला गेला होता. सोबतीला एकटा ड्वेन. दर सोमवारी ड्वेनने काढून पाठवलेला फोटो तिला यायचा. पांढरा बर्फ, मधोमध आर्विड.

"लाइल, तुझ्या यंत्रात उंदीर शिरलेत. उजवी कड कुरतडलीय बघ."

वाटेतलं कुठलं तरी यंत्र ओळींच्या शेवटच्या रिकाम्या जागा फालतू समजून छाटत होतं. आमचं हे नेहमीचंच दुखणं. खुणेप्रमाणे जेवढ्या कमी होत्या, तेवढ्या मी हाताने भरल्या. चाळीस. फोटो सरळ झाला आणि उजव्या कडेला एक बारीक काळी पट्टी उमटली, माणसाच्या उंचीची.

"ड्वेन असेल," मी म्हणालो.

"मग फोटो काय देवाने काढला?"

आर्विडला विचारलं. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'माझ्याकडच्या फोटोत तिथे नुसता बर्फ आहे. चष्मा बदल, म्हाताऱ्या.'

पांढऱ्याच्या वाट्याला रिकामी जागा येतच नाही. मी पुन्हा मोजलं. चाळीसच.

पुढच्या सोमवारी दोनशे बारा कमी आल्या. भरल्या, तर कडेला डोकं आणि खांदा. त्याच्या पुढच्या सोमवारी सहाशेच्या वर. आता कडेपासून एक काळा हात निघून आर्विडच्या कोपरापर्यंत आला होता. आर्विड हसत होता.

सिग्नेने माझ्यासाठी लेफ्से, बटाट्याच्या पातळ पोळ्या, करून आणल्या होत्या. डबा कुणी उघडला नाही.

"मी मोहिमेच्या साहेबांकडे गेले होते," ती म्हणाली. "म्हटलं, त्याला परत बोलवा. तर म्हणाले, एका डागासाठी विमान पाठवू का? हसले माझ्यावर." मग खालच्या आवाजात, "तू भरू नकोस ना. तू भरतोस म्हणून तो येतो."

"मी चित्र काढत नाही, सिग्ने. जेवढं गळालंय तेवढंच भरतो."

तिला नवरा जिवंत परत हवा होता, आणि मी तिला अक्षरांचा हिशेब सांगत होतो. मला स्वतःची लाज वाटली. भीतीही वाटत होती.

त्याच दिवशी मी ड्वेनला कळवलं, रिकाम्या जागेऐवजी टिंब पाठव. टिंब कुणी छाटत नाही. म्हणजे यापुढे काही गळणार नाही आणि मला काही भरावं लागणार नाही. त्या फोटोत जे असेल तेच येईल.

सोमवारी दुपारी सिग्ने कोट न काढताच माझ्या मागे उभी राहिली.

फोटो वरून खाली उमटत गेला.

बर्फ. तंबूचं टोक. आणखी बर्फ.

उजवी कड स्वच्छ होती. सिग्नेने सोडलेला श्वास मला मानेवर जाणवला.

मग मधोमध, आर्विड नेहमी उभा राहायचा त्या जागी, तो काळा उभा होता. एकटाच. एक हात वर केलेला.

खाली ड्वेनच्या दोन ओळी होत्या. 'आर्विड खास सिग्नेसाठी हात हलवतोय. काम लवकर संपलं, शुक्रवारच्या विमानाने तो घरी येतोय.'

सिग्ने पडद्याकडे वाकली.

"या वेळी किती जागा कमी होत्या?"

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून मोजायला घेतलं. ती थांबली.

"एकही नाही," मी म्हणालो.