रिकामी मोजणी

दुपारचं जेवण उरकून दोघी बहिणी तळघरातल्या प्रयोगशाळेत उतरल्या, तेव्हा उरलेलं काम तसं किरकोळ होतं. थोरली, म्हणजे ताई, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. धाकटी चिऊ कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची आणि ताईने गळ्यात मारलेलं कुठलंही काम आधी कुरकुरत, मग जीव ओतून करायची.

खोलीत दारापासून आतपर्यंत सात टेबलं एका ओळीत मांडलेली. प्रत्येकावर किरणं टिपणारी धातूची नळी, नळीतल्या ठोक्यांचे आकडे करणारी पेटी, आणि पेटीतून निघालेली केबल. सगळ्या केबली चिऊच्या कॉम्प्युटरला जोडल्या की भिंतीवरच्या पडद्यावर सात हिरवे पट्टे दिसायचे. किरणं जास्त तर पट्टा उंच. मुलांना एका नजरेत कळावं म्हणून ही सोय.

संध्याकाळी प्राचार्य बघायला येणार होते. यंत्रं चालली नाहीत तर खोली जिमखान्याला जाईल, असं त्यांनी गोड हसून सांगून ठेवलं होतं. या खोलीसाठी ताईने चपला झिजवल्या होत्या.

"आधी रिकामी मोजणी घेऊ," ताई म्हणाली. "टेबलावर काहीच ठेवायचं नाही. भिंतीतून, आकाशातून थोडी किरणं येतच असतात. तेवढीच दिसायला हवीत."

चिऊने बटण दाबलं. पेट्यांमधून बारीक टिक... टिक... सुरू झाली. सातही पट्टे बुटके, शहाण्या मुलांसारखे बसलेले. नव्या रंगाचा वास, तळघराचा गारवा, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज.

मग पहिल्या टेबलावरची टिकटिक दाट झाली. लाह्या फुटाव्यात तशी. पहिला पट्टा उठला, जरा वेळ तसाच राहिला, खाली बसला. लगेच दुसरा उठला.

"तुझ्या प्रोग्रॅमला उचकी लागलीय," ताई म्हणाली.

"माझ्या प्रोग्रॅमला नावं ठेवू नकोस. तुझ्या नळ्या बघ."

ताईचं हसू मात्र ओसरलं. थट्टा निराळी आणि किरणं निराळी. तिने चिऊला दाराबाहेर पिटाळलं, किरणं सोडणाऱ्या चकत्यांचं शिशाचं कपाट तपासलं. कुलूप जागच्या जागी होतं. किरणं मोजायचा छोटा मीटर हातात घेऊन ती तिसऱ्या टेबलापाशी गेली. पेटी तडतडत होती, आणि तिच्याच शेजारी धरलेला मीटर गप्प होता.

"आत ये," ती म्हणाली. "भ्यायचं असेल तर किरणांना भ्यायला नको."

चिऊने दुसऱ्या आणि सहाव्या टेबलाच्या केबली आपसात बदलल्या. पुढच्या फेरीला पडद्यावर पहिल्यानंतर एकदम सहावा पट्टा उठला. खोलीत मात्र टिकटिक सरळ ओळीने, टेबलामागून टेबल चालत होती. म्हणजे दोष प्रोग्रॅमचा नव्हता. चिऊने केबली पुन्हा होत्या तशा लावल्या.

"कोणीतरी वर्गात फेरी मारतंय, ताई," ती हळूच म्हणाली. "तू मारतेस तशी... एकेकाचं काम बघत..."

पाचव्या टेबलाशी ते थांबलं. थांबलं ते हलेचना. शेवटी ताईने वीज बंद करून तिथली पेटी उघडली. आत जमिनीला जोडायची तार सुटून लोंबत होती. या पेटीत हजार व्होल्ट खेळतात. उद्या एखाद्या पोराने हात टेकला असता तर...

तिने तार घट्ट बसवली, वीज सुरू केली. पाचवा पट्टा निमूट खाली बसला. सहावा उठला.

"आभार मान," चिऊ म्हणाली.

"कोणाचे?"

"ते मला काय विचारतेस? हवेत मान."

ताईने घसा साफ केला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "आभारी आहे हं." मग दोघींना असं हसू फुटलं की ताईला स्टुलावर बसावं लागलं.

प्राचार्य आले ते वेळेवर. टेबलांमधून चालताना त्यांची नजर पडद्यावर गेली आणि चेहरा खुलला.

"वा! मी चालतो तसा पट्टा चालतो की."

"हो सर," चिऊ म्हणाली. पट्टा त्यांच्या एक टेबल मागे होता, हे तिने सांगितलं नाही. जिमखान्याचं नाव न काढता प्राचार्य गेले, आणि ताईने थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. स्वतःचा कप घेऊन ती मधल्या, चौथ्या टेबलाशी बसली. पाय पसरले.

"पोरांना आवडेल ना गं?"

चिऊ उत्तर देणार होती. पण पडद्यावर पहिला पट्टा उठला होता, आणि त्याच क्षणी सातवाही.

मग दुसरा आणि सहावा.

"ताई... ऊठ तिथून. सावकाश."

ताईने एकदा तिच्याकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं आणि कप तसाच ठेवून ती दारापाशी चिऊजवळ आली. तिसरा आणि पाचवा उठले, बसले. चौथा पट्टा पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकला. टेबलावरच्या कपातला चहा हलत होता.

"भेटले," ताई पुटपुटली. "आता गप्पा मारतील." तिने चिऊचा हात धरला होता, तरी तिला हसू येत होतं.

चौथा पट्टा उतरला. तिसरा आणि पाचवा उठले. मग दुसरा आणि सहावा. शेवटी पहिला आणि सातवा. जसे आले तसे दोघे परत गेले.

चिऊने श्वास सोडला आणि दिवा मालवायला हात वर केला. तेवढ्यात तिसरा पट्टा पुन्हा उठला. चौथ्या टेबलाकडून आणखी कोणीतरी निघालं होतं, आणि ते दाराच्या बाजूला येत होतं.