शॉकअपचं निमित्त

"गाडी खाली बसवाची हाय," असं म्हणत तो दुकानात शिरला, आणि मी मान वर न करता विचारलं, "काऊन? उभी राहून थकली का?"

माझी जीभच तशी. आदिलाबादेत स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर बसणारी मुलगी गोड बोलायला लागली तर संपलंच. दुकान केशवमामाचं. आई गेल्यावर मामानं मला इथं आणून बसवलं. तेव्हापासून दिवसभर समोर माणसंच माणसं, कोणाला ब्रेक पॅड हवा, कोणाला बल्ब... आणि बोलायला एकही नाही. वस्तू हातात पडली की पाठ फिरवतात. संध्याकाळी शटर पडलं की वरच्या खोलीत मी आणि माझा रेडिओ.

हा मात्र हसला. बाहेर भुरभुर पाऊस होता. शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत, आंधळ्यासारखा माझ्याकडे बघत हसला. नाव महिपत. वांकिडीकडचा, इथं कलेक्टर हापिसात कारकून. जुनी निळी गाडी घेतली होती, आणि ती रस्त्याला चिकटून पळावी हे साहेबांचं स्वप्न.

"मिस्त्री म्हणते, स्प्रिंगा कापून टाकू."

"कापा की. गाडीबी बसन अन् तुमीबी बसान... दवाखान्यात."

"मंग तुमीच सांगा."

मी सांगितलं. एक तर आखूड स्प्रिंगा टाकायच्या. गाडी कायमची खाली, पुन्हा बघायला नको. नाहीतर वरखाली होणारे शॉकअप; किल्लीनं फिरवायचे, पाहिजे तेवढी उंची ठेवायची. "पण आधी गाडीत बसते कोण कोण ते सांगा. वजनावर स्प्रिंग ठरते."

"मीच."

"बाजूले?"

"बाजूले... डब्याची पिशवी."

"अन् मागं?"

"बाजूची जागा रिकामी असताना मागं काऊन बसन कोणी?" एवढं बोलून तोच लाजला. मी उगाच नटांचा डबा हलवत बसले.

मग तो दर रविवारी यायला लागला. ठरत काहीच नव्हतं. आज आखूड स्प्रिंगा बऱ्या वाटायच्या, पुढच्या रविवारी वरखालीवाले. दुकानात रिकाम्या हातानं कसं उभं राहायचं, म्हणून प्रत्येक वेळी एखादा फ्यूज घेऊन जायचा. मामा एकदा चष्म्यावरून बघत म्हणाला, "या पोराची गाडी पेट्रोलवर चालते का फ्यूजवर?" मी हसले नाही. शनिवारी रात्री केस धुऊन ठेवायची सवय मला कधी लागली, हे मामाला थोडंच सांगणार होते.

हिशेब मात्र मी मनाशी करून ठेवला होता. आखूड स्प्रिंगा दिल्या की याचं दुकानातलं काम संपलं. वरखालीवाले दिले तर थोडी वर करा, थोडी खाली करा, असं करत तो येतच राहणार. तेच त्याच्या गळ्यात मारायचे.

आणि तेवढ्यात जिल्ह्याचे चार तुकडे करायचं ठरलं. बाजारात, बसस्टँडवर एकच विषय, कोण कुठं जाणार. एका रविवारी तो आला तो चेहरा पाडूनच.

"तबादला झाला. आसिफाबादले. दसऱ्याले नव्या हापिसात हजर व्हा लागते."

"मंग घराजवळ गेले की."

"हो. आई खूश हाय." तो काउंटरवरचा फ्यूज बोटानं इकडून तिकडे सरकवत राहिला. "मी म्हणतो... ते वरखालीवाले टाकून देऊ. उंची बदलाले मले इथंच या लागन ना?"

एक 'हो' म्हणायचं होतं. एकच. तोही त्याचसाठी उभा होता, मला काय कळत नव्हतं?

पण वांकिडीच्या पुढचे रस्ते मला ठाऊक होते. कापसाच्या बैलगाड्यांनी खोल चाकोऱ्या पडलेल्या, मध्ये हा एवढा उंचवटा. खाली केलेली गाडी तिथं पोटावर बसते आणि चाकं हवेत फिरतात.

"गावाले कोणाले नेता गाडीत?" मी विचारलं.

"आईले. तिचे गुडघे गेले. दवाखान्यात न्या लागते."

"मंग खाली नका करू. कंपनीचे शॉकअप हायेत तेच राहू द्या."

"वरखालीवाले बी नाई?"

"नाई. दर खेपेले किल्ली घेऊन गाडीखाली कोण शिरन? आईले रस्त्यात उतरवान का?"

त्यानं बोटाखालचा फ्यूज माझ्याकडे सरकवला. "म्हणजे... माहं इथलं काम संपलं."

"संपलं."

तो गेला. त्या दिवशी फ्यूजही घेतला नाही. मला रडू आलं, आणि रागही आला; त्याचा नाही, माझ्याच तोंडाचा.

दसऱ्याला मामानं पान्यांना, हातोड्यांना झेंडू वाहिला. संध्याकाळी जो तो सोनं म्हणून जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन दारोदार फिरत होता. वर्षात हा एकच दिवस असा, की काऊन आले म्हणून कोणी कोणाला विचारत नाही. माझी ओंजळ पानांनी भरली. नव्या जिल्ह्यांचे फटाके उडत होते, आणि तो तिकडे नव्या हापिसात हजर होत होता. पुढचे दोन रविवार मी काउंटरवर बसून रस्त्याकडे बघत काढले. निळं काही दिसलं की उठायची, मग बसायची.

तिसऱ्या रविवारची वाट बघणं जमेना. "मामा, मी आसिफाबादले जाऊन येते."

"काई माल आणाचा हाय का?"

"नाई."

मामानं गल्ल्यातून बसच्या भाड्याचे पैसे काढून समोर ठेवले, आणि पुढं काही विचारलं नाही.

नवं हापिस म्हणजे रंगाचा वास आणि दोरीनं बांधलेली कपाटं. महिपत बाह्या वर करून एक टेबल ओढत होता. मला बघितलं आणि टेबल तिथंच राहिलं.

"तुमी? ...काई काम होतं का?"

"काम नाई. तुमाले भेटाले आले." एका दमात बोलत राहिले. थांबले असते तर परतच गेले असते. "मले तुमी आवडता. तुमी येत नाई तर दुकान खायले उठते. एवढंच सांगाचं होतं."

त्यानं वर केलेल्या बाह्या खाली ओढल्या.

"मंग त्या दिवशी नाई काऊन म्हटलं?" आवाज अगदी बारीक झाला होता त्याचा. "मी तर हो ऐकाले आलो होतो."

"त्या दिवशी तुमी गिऱ्हाईक होते," मी म्हणाले. "गिऱ्हाइकाले खोटं नाई सांगत आमी."