बुधवारचं गिऱ्हाईक

"केस कापायचे नाहीत," ती म्हणाली. "नुसतं दारात उभं राहायचंय... थोडा वेळ. चालेल का?"

सलूनवाल्याची कात्री हवेतच थांबली. खुर्चीतल्या आजोबांनी साबण लावलेली मान वळवून पाहिलं. केस न कापण्याची परवानगी मागणारं गिऱ्हाईक दोघांनीही आजवर पाहिलं नव्हतं.

"उभं राहायचे पैसे घेत नाही, ताई," तो म्हणाला. "बसलात तर बघू."

तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं, त्यामुळे ते ओठांवर नीट बसलं नाही. "मी नाही. ती." तिने फुटपाथकडे बोट दाखवलं. तिथे तिची धाकटी बहीण दोन्ही कानांवर हात दाबून उभी होती.

चिमी सात वर्षांची होती. तिला ऑटिझम होता. बोलणं मोजकं, आणि जगातले आवाज मात्र तिच्यापर्यंत दुपटीने पोचायचे. तिचे केस आजवर एकाच माणसाने कापले होते, आईने. न्हाणीघरात, उपड्या बादलीवर बसवून, एकाच सुरात गुणगुणत. गेल्या थंडीत आई गेली. आजारपण इतकं थोडक्यात आटोपलं की तो सूर कुणाला शिकवून ठेवायलाही तिला वेळ मिळाला नाही. तेव्हापासून चिमीने डोक्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. मानेवर केसांचा गुंता होऊन त्याचा घट्ट गठ्ठा झाला होता आणि खालची कातडी लाल व्हायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, गुंगी देऊन काढून टाकू. बाबा हो म्हणाले. ते कठोर नव्हते, थकले होते.

ताईला मात्र दाताचा दवाखाना आठवत होता. तिथे चौघांनी मिळून चिमीला दाबून धरलं होतं, त्यांत आईही होती. त्यानंतर कित्येक महिने चिमीने आईचा हात हातात घेतला नव्हता. आता तर घरात तिने धरावा असा एकच हात उरला होता, ताईचा. तोही गेला असता तर?

म्हणून तिने बाबांकडून उन्हाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली होती. चिमीच्या थेरपिस्ट मॅडमनी वाट आखून दिली होती. आधी दारात उभं राहायचं, मग आत यायचं, खुर्चीत बसायचं, अंगावर कापड घ्यायचं, कात्रीचा आवाज ऐकायचा आणि सगळ्यात शेवटी केस. एक पायरी पचली की दुसरी.

हे सगळं तिने सलूनवाल्याला एका दमात सांगितलं. गल्लीत त्याला सगळे मास्टर म्हणत. त्याने ऐकून घेतलं, कात्री फडक्यात गुंडाळून खणात ठेवली आणि म्हणाला, "बुधवारी दुपारी इथे माशीसुद्धा फिरकत नाही. बुधवारी या."

"आणि माझं काय?" आजोबा म्हणाले. "अर्धाच झालोय मी."

*

दोन-तीन बुधवारांत चिमी आत आली, फिरत्या खुर्चीला हात लावून गेली. ती बसली त्या दिवशी मास्टरने हौसेने अंगावर घालायचं कापड झटकलं — आणि त्या फटकाऱ्याने चिमी किंचाळली. खुर्चीतून घसरून जमिनीवर बसली. तो इतका घाबरला की हाताला लागलं ते त्याने तिच्यापुढे धरलं. केस भिजवायचा पाण्याचा फवारा होता. चिमीने फुसफुस करून हवेत तुषार उडवले, उन्हात ते चमकले, आणि ती गप्प झाली.

"जमलं," तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला.

पुढच्या बुधवारी चिमी उंबऱ्यातच थांबली, फवाऱ्याकडे शांतपणे पाहिलं, हात पुढे केला आणि मग किंचाळली. डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता.

थेरपिस्ट मॅडम त्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या. त्या मास्टरकडे वळल्या. "मागच्या वेळी ओरडल्यावर काय दिलंत?"

"फवारा..." त्याने मान खाली घातली. "चुकलं का?"

"तुम्ही तिला शिकवायला निघालात आणि तिने तुम्हाला शिकवलं. ओरडलं की फवारा मिळतो. आता उलटं करायचं. कापड अंगावर घेतलं की लगेच फवारा. ओरडली तर नाही. आधी ती दुप्पट ओरडेल. तेवढं सोसा."

चिमी दुप्पट ओरडली. शेजारचा दुकानदार डोकावून गेला. बाबा त्या दिवशी सोबत होते. ते भिंतीला टेकले आणि हळूच म्हणाले, "पुरे झालं, बाळा. दवाखान्यात नेऊ."

"थोडं थांबा ना, बाबा."

मास्टर फवारा पाठीमागे लपवून उभा होता. "मीच रडेन आता," तो पुटपुटला.

"रडू नका," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुम्हालाही मिळणार नाही."

तशातही तो हसला. बऱ्याच वेळाने चिमी दमली, थांबली, कापडाच्या काठाला बोट लावलं... आणि त्याने तत्क्षणी फवारा तिच्या हातात दिला. तुषार थेट त्याच्या तोंडावर आले. त्याने ते पुसलेही नाहीत. तो चिमीच्या ताईकडे बघत होता. नजर इतकी उघडी होती की तिला उगाच पर्समध्ये काहीतरी शोधावं लागलं.

*

त्यानंतर गाडं भराभर पुढे गेलं. आणि तिथेच पंचाईत झाली.

"आता तुम्ही मागे सरकायचं," मॅडम तिला म्हणाल्या. "दर वेळी खुर्ची थोडी लांब. बाबा शेजारी बसतील."

"पण मी असले तर तिला धीर येतो."

मॅडमनी मान हलवली. "आई असताना सगळं आईच्याच हातून जमायचं. त्यात आईची चूक नव्हती. पण पुन्हा तसंच बांधायला नको. तिला तुमच्याशिवायही जमलं पाहिजे... आणि तुम्हालाही."

पुढच्या बुधवारी तिची खुर्ची बेसिनपाशी गेली. त्याच्या पुढच्या, दारापाशी.

"मी काही बोललो का तुम्हाला?" मास्टर चिमीच्या कानाजवळ रिकामी कात्री वाजवत म्हणाला. "लांब लांब चाललायत."

"ही प्रगती आहे."

"कुणाची?"

"चिमीची, अर्थात."

"तेच म्हटलं. माझी तर चाललेली नाही." कात्री कचकच वाजली. "आणि एक सांगू? तुम्हाला ताई म्हणायचं मी केव्हाचं सोडलंय. तुमच्या लक्षात नाही आलं."

"आलंय."

"मग?"

"मग काय... मी तक्रार केली का?"

बाबांनी वर्तमानपत्र चेहऱ्यापर्यंत वर घेतलं. ते उलटं होतं.

*

खरे केस कापायच्या दिवशी ती बाहेर, फुटपाथवर होती. काचेवर आभाळ उतरलं होतं. आतलं काहीच दिसत नव्हतं. तिने कान लावला. किंकाळी नाही. मधूनच फवाऱ्याची फुसफुस, मग पुन्हा काही नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या हातांना काम नव्हतं. ते तिने एकमेकांत घट्ट धरून ठेवले. आई आज इथे असती तर काय म्हणाली असती, असं तिच्या मनात आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

दार उघडलं. बाबा आधी आले. डोळे लाल होते. "मानेवरचा गुंता सगळा निघाला," ते म्हणाले. "कुणी धरलं नाही तिला. कुणीच नाही."

मागून चिमी आली. केस कानाच्या वर, सदरा ओलाचिंब. ती ताईसमोर थांबली, तिची घट्ट विणलेली बोटं सोडवली, तिचा एक हात उचलला आणि स्वतःच्या उघड्या मानेवर ठेवला. मान गार आणि मऊ होती. चिमीने तो हात तिथेच दाबून धरला.

बाबांनी मग खोकून घसा साफ केला. "आम्ही दोघं कोपऱ्यापर्यंत पुढे होतो. तू ये सावकाश."

मास्टर दारात आला. केस, भुवया, सदऱ्याची बाही, सगळ्यातून पाणी ठिबकत होतं.

"पुढच्या वेळी बाबाच आणतील तिला," ती म्हणाली.

"मॅडमनी सांगितलं?"

"हो. माझं इथलं काम झालं."

"चांगली बातमी आहे," तो म्हणाला. चेहरा मात्र त्याला तसा करता आला नाही. तो टॉवेलने तीच ती बाही पुसत राहिला.

थंडीपासून तिच्या तोंडचं प्रत्येक वाक्य चिमीपासून सुरू व्हायचं. चिमीला हे हवंय, चिमीला ते नको. स्वतःसाठी काही मागायची जीभच जणू गळून गेली होती. आता ती शब्द चाचपत होती.

"मला..." ती म्हणाली आणि अडली.

त्याने टॉवेल खाली घेतला. तिच्या वतीने वाक्य पुरं केलं नाही, विनोदही केला नाही. एवढ्या बुधवारांत तो थांबायला शिकला होता.

"मला यायचंय," ती म्हणाली. "काम नसताना. तुम्हाला भेटायला... तुम्ही आवडता मला."

त्याने एकदा वर आभाळाकडे पाहिलं, एकदा आपल्या ओल्या चपलांकडे.

"सोमवारी दुकान बंद असतं," तो शेवटी म्हणाला. "मी पहिल्या बुधवारपासून सांगणार होतो की सोमवारी दुकान बंद असतं."

"मग सोमवारीच येते."

कोपऱ्यावर बाबा आणि चिमी थांबले होते. ती त्यांच्याकडे निघाली. मागे तो अजून दारातच उभा आहे हे तिला न बघताही कळत होतं.

तरी तिने वळून पाहिलं.