जमादारांचा विडा

सिद्धेश्वराच्या यात्रेत पाणपोई मांडण्याची परवानगी हवी होती, म्हणून मी, शाळेचा मास्तर, दिवेलागणीला चौकीवर गेलो. सन १९२८ ची संक्रांत. बाहेर हलगी वाजत होती, माणसे कारण नसताना हसत होती.

आत जमादार अण्णारावांसमोर चन्नम्मा उभी होती. तिचा डावा डोळा सुजून मिटला होता. मागे तिचा नवरा चनबसप्पा मिशी कुरवाळत होता.

"आज घरला धाडू नका, सायेब. आज मारूनच टाकतो म्हणलाय."

"लई नाटकी हाय की ही," चनबसप्पा म्हणाला.

अण्णाराव हसले. "अगं, नवरा हाय तुझा, दरोडेखोर न्हाय. दोघं विडा खावा अन् यात्रेला जावा."

स्वहस्ते विडा देऊन समेट घडवायचा, ही त्यांची रीत. श्रावणात नवऱ्याच्या माराला भिऊन आलेल्या नागव्वालाही त्यांनी असेच परत पाठवले होते. दुसऱ्या दिवशी तिला विहिरीतून काढले. विडा पदराच्या गाठीत तसाच होता. मार थांबवण्याचा अधिकार हाती असून जो हसतो, त्याला ईश्वर मारणाऱ्याच्याच पंक्तीला बसवतो, असे मी मानतो.

अण्णारावांनी पानाचा डबा उघडला. आत एक विडा आधीच लावलेला होता. लवंग त्यांच्याच पद्धतीने तिरपी टोचलेली. पानातून पाणी ठिबकत होते.

त्यांनी तो खिडकीबाहेर फेकला. डबा मिटला, पुन्हा उघडला.

विडा आतच होता. शेवाळाचा गार वास खोलीभर पसरला. हलगी फार दूर गेल्यासारखी वाटली.

"मास्तर..." ते पुटपुटले, "हा... नागव्वाच्या गाठीतला हाय..."

मग ते उठले आणि त्यांनी चनबसप्पाचे मनगट धरले.

"आत हो."

"मी? अवो, ही घरातली गोष्ट हाय की..."

"आत हो म्हणतो ना."

कोठडीला कुलूप लागले. किल्ली त्यांनी कमरेला खोचली.

चन्नम्माला मी तिच्या बहिणीच्या, दाक्षायणीच्या दारी पोचवले. वाटेत यात्रेच्या मिरवणुकीतल्या नंदीध्वजांना तिने हात जोडले आणि एका डोळ्याने हसली. "मास्तर, आज झोप लागंल बगा."

"झोप मागनं काढ," दाक्षायणी म्हणाली. "दाजी गजाआड अन् आपण शेंगापोळी. लई गोड लागंल." दोघी पोट धरून हसल्या. ते हसू मला पूजेइतके पवित्र वाटले.

त्या चौकीतून पुढे एकाही बाईला विडा देऊन नवऱ्याकडे धाडले गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परवानगीसाठी मी पुन्हा गेलो, तेव्हा चनबसप्पा गज धरून ओरडत होता. "सायेब, रातीला आत बाई कशाला सोडली? ओलं लुगडं... विडा खा म्हणती... संपला की दुसरा..."

अण्णारावांनी कमर चाचपली. किल्ली तिथेच होती.

चनबसप्पाचे ओठ लालभडक रंगले होते.