चौथ्या मजल्यावरचा शिकामोऽ

सिद्धांत पहिल्यांदा माझ्या दारात आला, तो बकरी मागायला.

जर्मनीत, आमच्या कार्ल्सरूहेत, शेजारी घरी नसला की पार्सलवाला आपल्याकडे खोकं देऊन मोकळा होतो. या खोक्यावर चक्क मराठीत लिहिलं होतं : ‘बकरी, एक नग.’ दोन दिवस मी त्याच्याकडे जरा आदरानेच बघत होते.

दार उघडलं तर समोर एक उंच मुलगा, मफलरवर पावसाचे थेंब. मला बघून किंचित वाकला.

“शिकामोऽ.”

“काय?”

“सॉरी, सवय! मी सिद्धांत, चौथा मजला. मूळ टांझानियातल्या दार-एस-सलामचा. आजोबा तिकडे मास्तर म्हणून गेले, ते राहिलेच.”

“मी ऊर्मिला. सांगली. बकरी... जिवंत आहे?”

तो असा हसला, की मला खोकं परत द्यावंसंच वाटेना. “नारळाच्या खवणीला तिकडे बकरी म्हणतात. आईने पाठवलीय. मला वापरता येत नाही.”

घडीचं लाकडी स्टूल, पुढे दातेरी पातं. मी बसून अर्धा नारळ खवून दाखवला. तो माझ्या हातांकडे बघत होता... मला वाटलं, नारळाकडे बघतोय.

“आणि ते शिकामो?”

“स्वाहिलीत मोठ्यांना म्हणायचं. शिका म्हणजे धरणं, मो म्हणजे पाय. तुमचे पाय धरतो, असं सांगतात. काही जण म्हणतात, गुलामांना मालकापुढे म्हणावं लागायचं. आता कुणाच्या मनात तसलं नसतं. निव्वळ मान.”

“म्हणजे पाया पडतोस.”

“न वाकता. कंबरेला बरं. समोरच्याने ‘मराहाबा’ म्हणायचं, की मान पोचला.” मग अगदी निष्पापपणे, “तुमचं वय?”

“एकतीस.”

“मी अठ्ठावीस. म्हणजे मोठ्याच!”

झालं. त्या दिवसापासून दर शनिवारी सिद्धांत नारळ घेऊन यायचा, दारातच माझे पाय धरायचा, आणि मी संतांसारखा हात वर करून “मराहाबा” म्हणायचे. खोबऱ्याचा ओला वास घरभर. बकरी माझ्याकडेच राहिली होती; तो तिच्यावर बसून खवायचा, मी कॉफी करायचे. तो हळूच विचारायचा, “साखर तुम्ही विसरलात, की मुद्दाम?” मी म्हणायचे, “मुद्दाम. परत मागायला येशील म्हणून.” तो लाजायचा आणि जाताना पुन्हा म्हणायचा — शिकामोऽ.

इमारतीत हा मान आणखी एकाच व्यक्तीला होता. फ्राउ लिंडनर, दुसरा मजला, वय अठ्ठ्याहत्तर, एक खुबा बदललेला. त्याच्या मनात आमच्या दोघींची एकच रांग होती, आणि माझा तर खुबाही अजून ओरिजिनल होता. तरुण दिसावं म्हणून मी डंगरी घातली. केसांना लाल रिबन लावली. तो कौतुकाने म्हणाला, “शिकामोऽ, छान दिसताय.”

प्रेमात पडलेल्या बाईला याहून सभ्य नकार जगात कुणी दिला नसेल.

जानेवारीतला शनिवार. जिना पुसायची पाळी माझी. वरून तो उतरला, हातात नारळ. खालून फ्राउ लिंडनर काठी टेकत आल्या.

“शिकामोऽ, फ्राउ लिंडनर!”

“माराबाऽ!” त्या ऐटीत म्हणाल्या आणि आपल्या दारात शिरल्या.

मग तो माझ्यासमोर थांबला. मी फडक्याची काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात आशीर्वादासाठी तयार ठेवला.

तो नारळाची शेंडी उपटायला लागला.

“काय रे? माझं काही चुकलं?”

“नाही.”

“मग म्हण की.”

“नाही म्हणणार.” त्याचे कान लाल झाले होते. “महिनाभर ठरवतोय... जमत नव्हतं.”

“फ्राउ लिंडनरना म्हटलंस!”

“त्या मोठ्या आहेत.” त्याने नारळ या हातातून त्या हातात घेतला. “तिकडे बरोबरीच्या माणसाला शिकामो म्हणत नाहीत, ऊर्मिला. आणि जिच्याबरोबर आयुष्यभर नारळ खवावेसे वाटतात, तिला तर... अजिबातच नाही. तू चिडलीस तर सोमवारपासून पुन्हा सुरू करेन.”

तू! बादलीतलं पाणी गार होत चाललं होतं. माझी मात्र बोटं गरम झाली होती. इतक्या शनिवारांची सवय, तोंडातून दुसरं काही येईचना.

“मराहाबा,” मी म्हटलं.

तो दचकला. “म्हणजे... आशीर्वाद दिलास?”

“होकार दिला. तो नारळ धर नीट, पडेल. आणि पायऱ्या ओल्या आहेत, माझा हात धर... पाय नको.”